महाग एनर्जी फिक्स मुदतीआधी सोडायचा का? यूकेतल्या आपल्या लोकांसाठी सगळा हिशोब

यूकेतल्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. वर्षाचा फिक्स (गॅस-लाइटचा वर्षभर बांधलेला दर) घेतलाय, आता बाहेर त्यापेक्षा स्वस्त दर दिसतायत, एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा दंड) भरून निघू का मुदत संपेपर्यंत गप्प बसू? खाली उत्तरं येतात "मी निघालो, दीडशे पौंड वाचले" नाहीतर "कशाला उगाच झंझट". दोन्ही उत्तरं त्या त्या घरापुरती बरोबर असतीलही, पण ती तुम्हाला लागू पडतीलच असं नाही, कारण सगळं ठरतं ते तुमचं घर इथून पुढे किती गॅस-लाइट वापरणार आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यांत वापरणार यावर. बिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे. खालचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपुरतं आहे, नॉर्दर्न आयर्लंडला रेग्युलेटर वेगळा आहे आणि तिथे ऑफजेमची (इथला एनर्जी रेग्युलेटर) प्राइस कॅप, म्हणजे दराची कमाल मर्यादा, लागू होत नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महावितरण म्हणजे महावितरण, मुंबईच्या उपनगरात फार तर टाटा का अदानी एवढाच प्रश्न. इथे तारा, पाइप, मीटर सगळं तेच राहतं आणि फक्त बिल पाठवणारी कंपनी (सप्लायर) बदलते, त्यामुळे स्विच करताना लाइट जाईल वगैरे भीती नको. दर स्लॅबचा नसतो, पहिल्या युनिटला जो रेट तोच शेवटच्या युनिटला, आणि गॅससुद्धा लाइटसारखाच किलोवॉट-अवरमध्ये म्हणजे युनिटमध्ये मोजून बिलावर येतो. शिवाय रोजचा स्टँडिंग चार्ज, आपल्या बिलावरचा स्थिर आकार तोच हा.

फिक्स म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता युनिट रेट आणि स्टँडिंग चार्ज बांधलेला. फिक्स नसेल तर तुम्ही व्हेरिएबलवर, आणि तिथे ऑफजेमची कॅप लागते, जी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशी दर तीन महिन्यांनी बदलते आणि महिनाभर आधी जाहीर होते. कॅप दरावर असते, तुमच्या बिलावर नाही! बातम्यांत "जानेवारी २०२६ पासून १,७५८ पौंड" असं आलं होतं, तो आकडा वर्षाला २,७०० युनिट लाइट आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या, डायरेक्ट डेबिटने (बँकेतून आपोआप जाणाऱ्या हप्त्याने) पैसे भरणाऱ्या घराचा आहे. तुम्ही जास्त वापरलंत तर जास्त भरणार. म्हणून "माझं वर्षाचं बिल २,२०० होतं, कॅप १,७५८ होती, म्हणजे मी लुटलो गेलो" हा हिशोब चुकीचा.

पहिलं काम: बिलावरचे आकडे एका कागदावर

लेटेस्ट बिल काढा, पीडीएफचं शेवटचं पान बघा, टॅरिफची (तुमच्या दराच्या प्लॅनची) माहिती बहुतेक तिथेच दडवलेली असते. लाइटचा आणि गॅसचा युनिट रेट, दोघांचा स्टँडिंग चार्ज, फिक्स संपायची तारीख, एक्झिट फी आणि वर्षाचा अंदाजे वापर युनिटमध्ये, एवढं लिहून घ्या. एक्झिट फी बहुतेक वेळा पर फ्युएल असते, म्हणजे ५० लिहिलं असेल तर गॅस आणि लाइट मिळून १००. ५० ही नेहमीची रक्कम, २५ पण असते, ७५ पण असते, आणि काही फिक्सना मुळात फीच नसते (असं निघालं तर पुढचं अर्ध वाचायची गरज नाही, स्वस्त दिसतंय तिकडे सरळ जा).

इथे एक खड्डा आहे. काही बिलांवर युनिट रेट व्हॅट धरून असतो, काहींवर व्हॅट सोडून, आणि कंपॅरिझन साइटवर बहुधा व्हॅट धरूनच दाखवतात. घरगुती एनर्जीवर व्हॅट ५ टक्के. २५ पेन्सचा रेट व्हॅट लावून २६.२५ होतो, म्हणजे सव्वा पेन्सचा फरक नुसता बघण्यात पडला, आणि आपण इथे चार-पाच पेन्सच्या फरकावर निर्णय घेणार आहोत. दोन्हीकडचे रेट व्हॅटसकटच लिहा.

दुसरा खड्डा डायरेक्ट डेबिटचा. शेजाऱ्याचा डीडी १३० आणि तुमचा १८०, यावरून काहीच कळत नाही. डीडी हा हप्ता आहे, सप्लायरने अंदाजाने ठरवलेला, आणि उन्हाळ्यात त्यातून क्रेडिट साचतं ते हिवाळ्यात वापरलं जातं. नवीन सप्लायरने कमी डीडी सांगितला म्हणजे तो स्वस्त असं अजिबात नाही, बघायचे ते फक्त रेट.

दुसरं काम: तुलना नक्की कशाशी?

तीन पर्याय असतात, व्हेरिएबलवर जाणं, दुसरा फिक्स घेणं, किंवा आहे त्याच सप्लायरकडे दुसऱ्या टॅरिफवर जाणं. तिसऱ्याचा विचार लोक शेवटी करतात आणि मी म्हणेन तो सगळ्यात आधी करा. काही सप्लायर त्यांच्याचकडे टॅरिफ बदलला तर एक्झिट फी घेत नाहीत, सगळे असं करत नाहीत, पण चॅटवर किंवा फोनवर विचारायला पैसे पडत नाहीत. सरळ विचारायचं, "तुमच्याच दुसऱ्या फिक्सवर आलो तर फी लागेल का?" हो-नाही जे काय असेल ते ईमेलवर लेखी मागून घ्यायचं. इलेक्ट्रिक गाडी घेतली असेल तर हे नक्कीच विचारा कारण ईव्हीचे रात्रीच्या स्वस्त रेटचे टॅरिफ वेगळे असतात.

बाहेरच्या डील बघायच्या तर ऑफजेमची मान्यता असलेल्या कंपॅरिझन साइटवर बघा, आणि तिथे सगळं मार्केट दाखवा असा पर्याय असतो तो ऑन करा, नाहीतर ज्यांच्याकडून कमिशन मिळतं तेवढ्याच डील वर येतात. पोस्टकोड बरोबर टाका, रेट भागाप्रमाणे बदलतात, ग्रेट ब्रिटनचे त्यासाठी १४ भाग केलेत. लेस्टरच्या मित्राचा रेट आणि तुमचा हाउन्स्लोचा रेट एकाच टॅरिफला वेगळा येईल.

तिसरं काम: खरा हिशोब

फॉर्म्युला सोपा आहे. जुना रेट वजा नवीन रेट, गुणिले फिक्स संपेपर्यंत तुम्ही वापरणार ते युनिट. लाइटचं वेगळं, गॅसचं वेगळं, त्यात स्टँडिंग चार्जचा फरक गुणिले उरलेले दिवस मिळवा आणि एक्झिट फी वजा करा. आत्तापर्यंत जे जास्तीचे भरले ते यात कुठेच येत नाहीत, गेलं ते गंगेला मिळालं. "आधीच एवढे भरलेत, आता अजून फी कशाला भरू" हा राग समजू शकतो पण तो हिशोबात धरू नका.

बहुतेक लोक गडबडतात ते उरलेल्या युनिटमध्ये. सहा महिने उरले म्हणून वर्षाच्या वापराचं अर्ध धरतात. लाइटला ते थोडंफार चालतं, गॅसला अजिबात नाही, कारण गॅस म्हणजे हीटिंग आणि हीटिंग म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक एवढ्यालाच गॅस लागतो.

उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल केलेत. वर्षाला लाइट ३,००० आणि गॅस १२,००० युनिट लागणारं घर. आत्ताचा फिक्स लाइट ३०.५ पेन्स, गॅस ७.९ पेन्स. बाहेर मिळतंय लाइट २६, गॅस ६. म्हणजे फरक लाइटला ४.५ आणि गॅसला १.९ पेन्स, स्टँडिंग चार्जमध्ये दोन्ही मिळून रोजचे ४ पेन्स. एक्झिट फी ५० अधिक ५०. मुदत सहा महिने उरलीय.

समजा आज १ ऑक्टोबर आहे आणि फिक्स ३१ मार्चला संपतोय. हिवाळाभर लाइट १,७०० आणि गॅस ९,००० युनिट जाईल. लाइटचे वाचले साडेशहात्तर पौंड, गॅसचे १७१, स्टँडिंग चार्जचे ७, एकूण २५५ च्या आसपास. फी वजा केली की १५५ हातात.

आता तेच घर, तोच फिक्स, तीच फी, फक्त आज १ एप्रिल आणि फिक्स ३० सप्टेंबरला संपतोय. लाइट १,३००, गॅस ३,०००. लाइटचे साडेअठ्ठावन्न, गॅसचे ५७, स्टँडिंग चार्जचे ७, एकूण १२३. फी गेली की २३ पौंड. नुसतं वर्षाचं अर्ध धरलं असतं तर दोन्ही वेळेला साधारण ८९ पौंड फायदा दिसला असता, म्हणजे हिवाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त, दोन्हीकडे चूक.

तुमच्या घराचे महिन्याचे आकडे स्मार्ट मीटर असेल तर ॲपमध्ये मिळतात, नसेल तर मागच्या वर्षीच्या बिलांवरची मीटर रीडिंग बघा. गॅसचं मीटर घनमीटरमध्ये असेल तर एका घनमीटरचे साधारण ११ युनिट धरा. आणि यंदा काय बदलणार तेही धरा. डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाणार असाल तर ऐन थंडीतला गॅस वाचणार (स्टँडिंग चार्ज मात्र चालूच). उलट आई-बाबा एप्रिल-मेमध्ये येणार असतील तर ज्या महिन्यांत तुम्ही हीटिंग बंद करून बसता त्यात ते चालू राहणार, आणि तुम्ही काही त्यांना स्वेटर घाला म्हणून सांगणार नाही.

४९ दिवसांचा नियम, आणि तो हिशोब कसा उलटवतो

ऑफजेमचा नियम आहे की फिक्स संपायच्या आधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत तुम्ही दुसऱ्या सप्लायरकडे गेलात तर एक्झिट फी लावता येत नाही. हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो, पण त्याचा उपयोग "शेवटचे सात आठवडे राहिले की फुकट निघता येतं" एवढाच करतात. त्याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. शेवटच्या ४९ दिवसांतली बचत तुम्हाला फी न भरताही मिळणारच आहे! मग ती फीच्या खात्यात कशी धरायची? आज १०० पौंड भरून तुम्ही विकत घेताय ती फक्त आजपासून त्या ४९ दिवसांच्या खिडकीपर्यंतची बचत.

वरचा उन्हाळ्याचा हिशोब परत करा. ३० सप्टेंबरला संपणाऱ्या फिक्सची खिडकी १२ ऑगस्टच्या सुमारास उघडते. तिथून पुढे समजा ३४० युनिट लाइट आणि ५०० युनिट गॅस जाईल, म्हणजे स्टँडिंग चार्ज धरून २७ पौंडांची बचत, जी तशीही फुकटात मिळाली असती. १२३ मधून २७ गेले, राहिले ९६, आणि फी १००. म्हणजे २३ पौंडांचा फायदा वाटत होता तिथे प्रत्यक्षात ४ पौंडांचा तोटा. थांबा, ऑगस्टमध्ये निघा.

हिवाळ्याच्या उदाहरणात खिडकी १० फेब्रुवारीच्या आसपास उघडते. त्यानंतरचे ४५० लाइट आणि २,२०० गॅस, म्हणजे ६४ पौंड वजा करायचे. १५५ चे ९१ झाले, तरी निघणंच योग्य. पण गॅस आणि लाइट वेगळे करून बघा, गॅसचे खिडकीपर्यंतचे १२९ वाचतात ५० च्या फीवर, लाइटचे जेमतेम ५६ वाचतात ५० च्या फीवर. म्हणजे सगळा फायदा गॅसमध्येच आहे. अशा वेळी फक्त गॅस हलवून लाइट तिथेच ठेवणं शक्य आहे का ते विचारता येतं, मात्र काही टॅरिफ दोन्ही एकत्र असतील तरच मिळतात, त्यामुळे एकाची फी वाचवायला जाऊन दुसऱ्याचा रेट वाढत नाही ना ते आधी बघा. सहा पौंडांसाठी दोन कंपन्यांची दोन बिलं सांभाळायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नसतं केलं.

चौथं काम: दर वाढले तर?

व्हेरिएबलवर जाणार असाल तर वरची बचत आजच्या कॅपवर काढलेली आहे, आणि कॅप तीन महिन्यांनी बदलणार. इथे भविष्य सांगत बसू नये. ज्यांनी २०२१ च्या उन्हाळ्यात फिक्स केला ते पुढे वर्षभर खुशीत होते कारण ऑक्टोबर २०२१ ला कॅप १,२७७ होती आणि एप्रिल २०२२ ला १,९७१ झाली. मग ऑगस्ट २०२२ मध्ये ३,५४९ जाहीर झाली, लोक घाबरून मिळेल त्या रेटला फिक्स करत सुटले, सप्टेंबरमध्ये सरकारने २,५०० ची एनर्जी प्राइस गॅरंटी आणली आणि जुलै २०२३ मध्ये कॅप २,०७४ वर आली. त्या दोन वर्षांत शहाण्यासुरत्या माणसांचे अंदाज दोन्ही बाजूंनी आपटले.

त्यापेक्षा उलटा प्रश्न विचारा, दर किती वाढले तर माझा फायदा शून्य होईल? आपल्या हिवाळ्याच्या घरात समजा जानेवारीत गॅस एका पेन्सने वाढला, म्हणजे सहाचा सात, ही चांगलीच मोठी वाढ झाली. १ जानेवारी ते १० फेब्रुवारी २,५०० युनिट गॅस जाईल, म्हणजे २५ पौंड जास्त. ९१ मधून २५ गेले तरी ६६ उरतात. हा निर्णय टिकाऊ. उन्हाळ्याच्या घरात मुळात मार्जिनच नाही, तिथे जुलैच्या बदलाची वाट बघण्यातही अर्थ नाही.

दर वाढायची धास्तीच असेल तर व्हेरिएबलऐवजी नवीन स्वस्त फिक्स घ्या, पण त्याची एक्झिट फी बघून. दोन फिक्समध्ये वर्षाला दहा-पंधरा पौंडांचाच फरक असेल आणि एकाला फी नसेल तर मी बिनफीचा घेईन, नाहीतर सहा महिन्यांनी हाच लेख परत उघडावा लागेल. आणि फिक्स घेऊन १४ दिवस झाले नसतील तर कूलिंग ऑफमध्ये फी न भरता रद्द करता येतो, कालच सही केली आणि आज पस्तावलात तर फी-बी काही नाही.

अजून एक, नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये काही सरकारी योजनांचा खर्च एप्रिल २०२६ पासून एनर्जी बिलातून काढायचं जाहीर झालं, सरासरी घराला वर्षाला १५० पौंडांची सूट असा आकडा सांगितला होता. जुन्या फिक्सवर असाल तर तुमच्या रेटमध्ये ती सूट उतरलीय का ते बिलावर बघा, सप्लायरला विचारा, आणि तुलना त्या नवीन रेटशी करा, सही केली तेव्हाच्या रेटशी नको.

माझी स्वतःची रेघ अशी की खिडकीपर्यंतचा निव्वळ फायदा चाळीस पौंडांच्या खाली असेल तर हलायचं नाही, फोनच्या कॅलेंडरमध्ये फिक्स संपायच्या ४९ दिवस आधीची तारीख टाकायची आणि विसरून जायचं. सप्लायर मुदत संपायच्या सहा-सात आठवडे आधी पत्र किंवा ईमेल पाठवतो खरा, पण तो प्रमोशन्सच्या टॅबमध्ये जाऊन पडतो.

काही घरांना वेगळं बघावं लागतं

भाड्याने राहत असाल आणि बिल तुमच्या नावावर असेल तर सप्लायर निवडायचा हक्क तुमचा आहे, ॲग्रीमेंटमध्ये घरमालकाला कळवा असं लिहिलेलं असेल तर एक ईमेल टाका, बास. घर बदलणार असाल तर फिक्स नवीन पत्त्यावर नेता येतो का ते विचारा, काही सप्लायर नेऊ देतात आणि फी वाचते.

जुनी थकबाकी २८ दिवसांपेक्षा जास्त असेल तर सप्लायर स्विच अडवू शकतो. प्रीपेमेंट मीटर असेल तर प्रत्येक फ्युएलमागे ५०० पौंडांपर्यंतच्या बाकीसकट स्विच करता येतं. वॉर्म होम डिस्काउंटचे (कमी उत्पन्नाच्या घरांना लाइटबिलात मिळणारी सूट) १५० पौंड मिळत असतील तर नवीन सप्लायर त्या स्कीममध्ये आहे ना हे आधी बघा, कारण २० पौंड वाचवायला जाऊन १५० घालवायचे म्हणजे आगीतून फुफाट्यात. इकॉनॉमी ७ चं मीटर असेल तर दिवस आणि रात्र असे दोन रेट असतात, वरचा हिशोब दोन्हींसाठी वेगळा मांडा.

ग्रुपवर येणाऱ्या रेफरल लिंकबद्दल, त्यात टाकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही क्रेडिट मिळतं, वाईट काही नाही, मी पण पाठवते. फक्त ते एकदाच मिळणारे पैसे आहेत, रेट महाग असेल तर पहिल्या हिवाळ्यातच निघून जातात, म्हणून आधी रेटवर हिशोब करा आणि रेफरल शेवटी मिळवा.

निघायचं ठरलं तर

जुन्या सप्लायरला फोन करून "मी चाललो" सांगायची गरज नाही, नवीनकडे साइन अप केलं की तेच सगळं बघतात. स्विच साधारण ५ वर्किंग डेजमध्ये होतो. ४९ दिवसांच्या नियमावर निघत असाल तर खिडकी उघडलेल्या पहिल्याच दिवशी अगदी कडेवर उडी मारू नका, एक-दोन दिवस आत आल्यावर अर्ज करा, दोन दिवसांच्या बचतीपेक्षा फीचा वाद मिटवण्यात जास्त जीव जातो.

स्विचच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, तारीख दिसेल असे, स्मार्ट मीटर असलं तरी. तेच रीडिंग नवीन सप्लायरला द्या. जुना डायरेक्ट डेबिट लगेच कॅन्सल करू नका, फायनल बिल येऊन हिशोब मिटेपर्यंत राहू दे. फायनल बिल ६ आठवड्यांत यायला हवं, त्यावरचं रीडिंग फोटोशी जुळतंय का आणि एक्झिट फी ठरल्याप्रमाणेच लागलीय का ते बघा. क्रेडिट असेल तर फायनल बिलानंतर १० वर्किंग डेजमध्ये परत मिळायला हवं, बिल किंवा रिफंड उशिरा आला तर ४० पौंडांची भरपाई आपोआप द्यायचा नियम आहे, ती नाही आली तर मागा. काही चुकीचं लावलं असेल तर आधी सप्लायरकडेच लेखी तक्रार करा, "तक्रार" म्हणजे कम्प्लेंट हा शब्द ईमेलमध्ये स्पष्ट लिहून, आणि ८ आठवड्यांत सुटली नाही किंवा त्यांनी हात वर केले की एनर्जी ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जा, तिथे तुम्हाला काही पैसे पडत नाहीत. मीटरचे फोटो आणि "फी लागणार नाही" असं लिहिलेला तो ईमेल तिथे उपयोगी पडतो.